झाकलेला धाकटा

डिचोलीच्या बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत मी सहा वर्षं संगणकावर काम केलं. माझं गाव इब्रामपूर, पण रोज एवढं अंतर जाण्यायेण्यात जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून डिचोलीतच खोली घेतली होती. गोवा राज्य होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. दुकानाची पाटी मराठीत हवी की कोकणीत, यावर मालकाशी अजूनही कोणी कोणी वाद घालून जायचे. मालक दोन्ही बाजूंना चहा पाजायचा आणि पाटी इंग्रजीतच ठेवायचा.

मला तेव्हा फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्राममधल्या मास्कचं वेड लागलं होतं. फोटोच्या थरावर मास्क चढवायचा आणि त्यावर काळा ब्रश फिरवायचा. जिथे काळा, तिथे फोटो झाकला जातो आणि खालचा थर दिसतो. पांढरा फिरवला की झाकलेलं परत वर येतं. पुसलं काहीच जात नाही. हे मी गिऱ्हाइकांना विचारलं नसतानाही समजावून सांगायचो. 'रबर फिरवणारे वेगळे, आम्ही झाकतो,' असं म्हणायचो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

एकदा मयेहून एक माणूस आला. खाणीवर त्याचे दोन ट्रक होते. त्याने चवथीला, गणपतीत, काढलेला घरातला फोटो काउंटरवर टाकला. मध्ये खुर्चीवर आई, मागे तो, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. धाकट्याचा हात आईच्या खांद्यावर.

"ह्याका हातूंतल्यान काड," धाकट्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "म्हाका हो घरांत नाका."

खाणीची माती शेतात उतरते म्हणून गावाने ट्रकांविरुद्ध अर्ज केला होता आणि त्यावर धाकट्याने सही केली होती. त्यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं आणि धाकटा घर सोडून गेला. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. हे सगळं त्यानेच मला रागारागाने सांगितलं. मी फोटो स्कॅन केला आणि धाकट्याला झाकलं. त्याच्या जागी खालच्या थरात मागचा हिरवा पडदा पुढे ओढून रंगवला. हाताशी मात्र माझं घोडं अडलं. आईच्या साडीवर मोठाली फुलं होती आणि बोटं त्यात अशी मिसळली होती की ब्रश फिरवला की फूलही बिघडायचं. शेवटी कंटाळून तीन बोटांची टोकं तशीच राहू दिली. त्या फुलांत कोणाला दिसतात, म्हटलं. थोरल्याला दिसली नाहीत. नवा फोटो घरच्या भिंतीवर लावायला काखेत मारून त्याने जुना तिथेच फाडला आणि तुकडे खिशात घालून निघून गेला. फोटो काढणारा पाहुणा कुठला तरी मुंबईचा होता, म्हणजे निगेटिव्हचंही नाव घ्यायला नको.

पुढच्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, आई आली. एकटीच. हातातली पिशवी खाली ठेवून तिने हळूच विचारलं, "पुता, म्हजो धाकलो खंय गेलो?"

"खंय वचूंक ना मावशी. झांकून दवरला," मी म्हटलं आणि तिला आत बोलावलं. शिफ्ट दाबून मास्कवर टिचकी मारली, की मास्क तेवढ्यापुरता बंद होतो. मी टिचकी मारली. पडदा गेला आणि तिचा मुलगा तिच्यामागे उभा राहिला. ती संगणकाच्या काचेला बोट लावणार होती, पण मध्येच थांबून तिने हात पदराला पुसला आणि मग लावलं. धाकट्याचा दुसरा फोटो घरात नव्हता.

मग तो रिवाजच झाला. बुधवारी बाजार आटपला की ती यायची. कधी मूठभर अळसांदे, आमची ती टपोरी चवळी, कधी घरची केळी माझ्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "दाखय." मी दाखवायचो. दोन-तीन मिनिटं बघायची. "बारीक जाला," असं दर वेळी म्हणायची, जणू फोटोतला मुलगा आठवड्याभरात वाळला. मग बसची वेळ झाली म्हणून उठायची. थोरल्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो रिवाज मला आवडायचा, हे कबूल करतो. आपण कोणाचं तरी काहीतरी जपतो आहोत असं वाटायचं.

एकदा तिने विचारलं, "हो आतां केन्नाच वचचो ना मरे?"

"केन्नाच ना," मी म्हटलं. तो कधीच जाणार नाही असं वचन देताना जिभेला काही हाड असतं का?

वर्षभराने डिस्क भरली. संगणक रांगायला लागला. जुनी कामं लहान करून ठेव, असं मालक म्हणाला. मी एक सोय लावून दिली: संगणकाने आपोआप फोल्डरमधली एकेक फाइल उघडायची, सगळे थर एकत्र करायचे, साधा फोटो म्हणून ठेवायचा आणि मूळ फाइल काढून टाकायची. दुपारी जेवायला जाताना सुरू केली आणि परत आलो तेव्हा सगळं झालं होतं. मी खूश. मालकही खूश. त्या फोल्डरात काय होतं याचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

बुधवारी ती आली. "दाखय."

मी फोटो उघडला. मास्क शोधायला गेलो तर थर एकच. फाइल बंद करून पुन्हा उघडली. कचऱ्याची टोपली पाहिली, तीही मीच रिकामी केली होती. ती शांतपणे वाट बघत बसली होती.

"आज कंप्युटर बरो ना," मी म्हटलं.

पुढच्या बुधवारीही तेच म्हटलं. त्या दोन आठवड्यांत म्हापशाच्या एका माणसाकडे डिस्क नेली. गेलेल्या फाइल शोधून काढायचं काम तो करायचा. दोन दिवसांनी त्याने डिस्क परत दिली आणि नकारार्थी मान हलवली. मी पांढरा ब्रश घेऊन फोटोतल्या त्या हिरव्या पडद्यावर उगाच फिरवत बसलो. पांढरा रंगच उमटत होता. खाली काही उरलंच नव्हतं तर वर काय येणार?

तिसऱ्या बुधवारी खरं सांगितलं. थर, मास्क, डिस्क, सगळं सांगत सुटलो. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे पुसलो?"

"हय," मी म्हटलं.

ती रडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. काहीतरी द्यायलाच हवं म्हणून मी घाईघाईने फोटो मोठा केला, तिच्या खांद्यावर आणला. फुलांच्या मधून तीन बोटांची टोकं दिसली.

"पळय मावशी, हीं बोटां उरल्यांत. ताचींच. व्हडलीं करून छापून दितां."

तिने संगणकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, तिच्या नजरेत माझी कीव आहे.

"तीं घरच्या वणटीवयल्या फोटोंत पयल्याच दिसा पळयल्यांत," ती म्हणाली. "तूं पुसशी म्हणून सांगूंक ना."

पिशवीतली केळी तिने नेहमीसारखी टेबलावर ठेवली.

"बोटां घरा आसात, पुता. हांव हांगा ताचें तोंड पळोवपाक येतालीं."