उघड्या डोळ्यांची साक्ष

मैत्रीला सलग दहा मिनिटं एका जागी बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. तिची आई ताराबाई म्हणायची, ही पाळण्यातसुद्धा झोपली कमी आणि लोंबकळली जास्त. अशी ही मुलगी आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंडा गावाच्या पुढे, हायवेलगतच्या एका लहानशा ख्रिस्ती विद्यापीठात तीन वर्षं टिकली, हेच पुष्कळ. विद्यापीठ म्हणायचं ते पाटीवर. मुलं-मुली मिळून दोनशेच्या आत. सकाळी एकाला शिंक आली, की दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांना त्याची सर्दी माहीत.

तिथली एक रीत होती. दर बुधवारी दहा वाजता सगळ्यांनी प्रार्थनागृहात जमायचं आणि शेवटच्या वर्षातल्या एकाने पुढे उभं राहून पाच मिनिटं साक्ष द्यायची. म्हणजे आपल्याला आयुष्यात कशाचा आधार वाटतो, ते सांगायचं. धर्म कुठलाही असो, सूट कुणालाच नाही. साक्ष नाही तर वर्तणुकीचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर बी.एड.चा अर्ज नाही. मैत्रीला शिक्षिका व्हायचं होतं.

आता सांगायचं काय? आदिलाबादला घरी रोज बुद्धवंदना, इथे रोज बायबल, आणि खरं विचाराल तर दोन्ही वेळेला मैत्रीचं लक्ष भलतीकडेच. येशूचं नाव घ्यावं तर ते खोटं. बुद्धाचं घ्यावं तर तेही अर्धंच खरं, आणि अर्धं खरं बोलताना तिचे कान लाल होतात, हे सगळ्या वर्गाला ठाऊक.

म्हणून तिने अक्कल लढवली. सप्टेंबरात तिचा नंबर आला तो तिने चंदाला दिला आणि बदल्यात चंदाच्या वाट्याचं अंगण पंधरा दिवस झाडलं. डिसेंबरातला भारतला दिला. त्याच्या जर्नलमधल्या बेडकाच्या सगळ्या आकृत्या हिने काढल्या. फेब्रुवारीतला असाच कुणाच्या तरी गळ्यात मारला. असं ढकलत ढकलत वर्ष संपलं, आणि शेवटचा एकच बुधवार उरला, एकटीच मैत्री उरली. तो बुधवार होता पालक दिनाचा. इतकी हुशारी कुणाच्या अंगाशी येऊ नये.

मंगळवारी दुपारी ताराबाईचा फोन आला. "तुहे बाबा येऊन राह्यले उद्या. अन् संग अमृतरावही."

"अमृतराव काऊन?"

"त्यांले पाहाचं हाये, तू पांढरा झगा कवा घालून राह्यली ते."

अमृतराव म्हणजे वडिलांच्या, चंपतरावांच्या, कचेरीतले शेजारच्या टेबलावरचे कारकून. तीन वर्षं ते चंपतरावांना रोज विचारत, "काय चंपतराव, पोरगी पाद्रीण झाली का?" चंपतराव नुसते हसत आणि फाईल उघडत. त्या हसण्यामागे काय होतं, ते मैत्रीला आजवर कळलं नव्हतं. उद्या तिच्या तोंडून काही वाकडं गेलं, तर संध्याकाळच्या आत ते अमृतरावांच्या तोंडून साऱ्या कचेरीत जाणार होतं, आणि मान खाली घालायची होती बाबांना.

फोन ठेवल्यापासून तिने होस्टेलच्या व्हरांड्यात ज्या फेऱ्या सुरू केल्या, त्या मोजल्या असत्या तर पार भैंसा गाव गाठलं असतं. खोलीतली सुनयना शेवटी वैतागली.

"बस ना वं एका जागी. पायाले भिंगरी बांधली का?"

"काय सांगू उद्या, ते तर सांग."

"जे खरं हाये ते सांग. नाई तर तुहे कानच साक्ष देतील."

बुधवारी प्रार्थनागृह भरलं. दुसऱ्या रांगेत चंपतराव, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. शेजारी अमृतराव, जणू लग्नाला आलेले. कुलगुरू सरांनी नाव पुकारलं. मैत्री पुढे गेली, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली, आणि तेलुगू-हिंदी जे तोंडात आलं त्यात बोलू लागली.

"मी तीन वर्षांत इथे एकदाही डोळे मिटले नाहीत."

ती घाईने पुढे म्हणाली, "मिटवतच नाहीत मला. घरी वंदनेलाही नाही. तुम्ही सगळे डोळे मिटता, तेव्हा मी बघत बसते. सुनयना प्रार्थनेत आपल्या म्हशीचं नाव घेते, ती आजारी होती तेव्हापासून. कुलगुरू सर एक डोळा उघडून घड्याळ बघतात." मागच्या बाकांवर खसखस पिकली. "आणि मेसमधल्या राहीबाई स्वयंपाक सोडून दारात येऊन उभ्या राहतात. आमेन होईपर्यंत हलत नाहीत. म्हणून बुधवारी भात खाली लागतो. आपण तीन वर्षं तांदळाला नावं ठेवली. मला आधार कशाचा म्हणाल, तर याचाच. माणसं डोळे मिटतात तेव्हा फार चांगली दिसतात. मला तसं जमत नाही, पण कुणीतरी बघायलाही पाहिजे."

एवढं बोलून ती थांबली. पाच मिनिटं काही झाली नव्हती; दोनच झाली असतील. कुलगुरू सर उभे राहिले. त्यांचा चेहरा काही केल्या वाचता येईना.

"प्रार्थना करूया," ते म्हणाले. "आज थोडक्यात. भात वाचवायचा आहे."

सगळ्यांनी डोळे मिटले. मैत्रीने सवयीने नजर फिरवली. दारात राहीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि पाहता पाहता स्वयंपाकघराकडे पळाल्या. कुलगुरू सरांचे दोन्ही डोळे आज गच्च मिटलेले, अगदी ठरवून. अमृतरावांनी तर हात जोडून अशी समाधी लावली होती, की झगा त्यांनाच घालावा.

आणि त्यांच्या शेजारी चंपतराव, डोळे टक्क उघडे, तिच्याकडेच बघत होते.

घरी वंदनेला ते पुढे बसत आणि मैत्री मागे. त्यामुळे त्यांचे डोळे तिने कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी बाकावरची शेजारची रिकामी जागा बोटाने दोनदा वाजवली. ती पाय न वाजवता गेली आणि बसली.

"घरीही उघडेच ठेवता का?" तिने कानात विचारलं.

"चूप," चंपतराव म्हणाले. "अमृतरावले सांगू नको."

तिने खाली पाहिलं. बाबांचा उजवा पाय चपलेतल्या चपलेत नाचत होता, आणि तिचाही.