नाना वकिलांची अपिलं

निकाल फायलीत जातात, किस्से मात्र बाररूममध्येच राहतात. अलिबागच्या कोर्टात मी नाना वकिलांचा ज्युनिअर होतो, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत. नाना फक्त अपिलं चालवत आणि ती लांबलचक लिहीत. माझ्याकडे साठलेले किस्से बहुतेक त्यांचेच.

एका अपिलात नानांनी बेचाळीस मुद्दे घातले. जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "नाना, यातला चांगला मुद्दा कुठला?"

"ते कळलं असतं तर एकच लिहिला असता, साहेब."

नागावचा एक नारळी-पोफळीचा वाडीवाला अशील. मी त्याला अपिलाचा मसुदा मराठीत समजावून सांगत होतो, "खालच्या कोर्टाचे विद्वान न्यायाधीश चुकले..."

त्यानं अडवलं. "विद्वान हाय तर चुकला कसा? आन् चुकला तर विद्वान कशाला लिवता?"

नाना आतून म्हणाले, "अरे, तो हुद्दा आहे. गुण नव्हे."

मुरुडच्या एका कोळ्याच्या अपिलाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि वकीलपत्रावर त्याचा अंगठा नव्हता. मी एसटीनं मुरुड गाठलं, तर हा समुद्रात. दिवसभर वाळूत बसलो. संध्याकाळी होडी लागली, त्यानं तसाच ओला अंगठा उठवला. सकाळी कोर्टातल्या क्लार्कनं तो कागद दोन बोटांत धरला. "वकीलसाहेब, याला वास येतोय."

मी म्हटलं, "मुदतीत आहे ना? मग ताजंच समजा."

आणि त्या दोघी जावा. दोघी विधवा, सामाईक विहिरीवरून अकरा वर्षं भांडत होत्या. तारखेला मात्र एकाच बैलगाडीतून यायच्या, कोर्टाच्या आवारात एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. थोरली आमची अशील. नानांनी तिचं अपील जिंकून दिलं. आम्ही खूश, ती मात्र धाकटीला घेऊन बैलगाडीकडे निघाली.

आठ दिवसांनी दोघी ऑफिसात हजर. थोरली म्हणाली, "नाना, आता मुंबईच्या कोर्टात अपील लिवा."

"अगं, तू जिंकलीस."

"माजं न्हाय, हिचं. हिचा वकील बोलतो, केसमदी दम न्हाय."

"मी हिच्याविरुद्ध लढलो. हिच्या बाजूनं कसा लिहू?"

धाकटी म्हणाली, "मंग दुसरा वकील तुमीच बगून द्या."

नानांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "बायांनो, मुंबईला जायचं तर सोबत कोण आहे?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.