अर्ध्या तासाचा सत्कार

आमचा तिघांचा रॉक बँड जर्मनीला निघाला तेव्हा वणीच्या चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर चौदा पुढाऱ्यांचे चेहरे. त्यातल्या एकानंही आमचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. आम्ही तिघं खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. वर मोठ्या अक्षरात 'वणीचे सुपुत्र सातासमुद्रापार'. खरं म्हणजे वणीचा सुपुत्र एकच, आमचा ड्रमर. मी उमरखेडचा, नोकरीपायी वणीत आलेला, आणि बेस वाजवणारा ढाणकीजवळच्या तांड्यातला. पण फ्लेक्सवाल्यांना असल्या तपशिलांशी देणंघेणं नसतं.

निरोपाचा कार्यक्रम तीन तास चालला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचे सत्कार, मान्यवरांची मनोगतं. त्यात आमचं एकच गाणं झालं, तेही लोक जेवणाकडे वळल्यावर. आता खरं काय ते सांगून टाकतो. या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मीच केलं. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, बँडमध्ये गातो आणि गिटार वाजवतो. पण पंचक्रोशीत मला लोक ओळखतात ते माइकमुळे. शाळेचं गॅदरिंग असो की पतसंस्थेचं उद्घाटन, माइक शेवटी माझ्याच हातात येतो आणि मग तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात. स्वतःच्या निरोपालाही मी स्वतःबद्दल दहा मिनिटं चांगलं बोललो.

ड्रमरचे अब्बा त्या कार्यक्रमाला आले नव्हते. कोळशाच्या ट्रकांचं त्यांचं गॅरेज आहे. पोरगा नऊ वर्षं ड्रम वाजवतोय, पण ते काम आहे हे त्यांना कधी पटलंच नाही. "सर, ज्यानं हात काले होत नाई, ते कायचं काम?" असं त्यांनी मला तोंडावर सुनावलं होतं. त्यांची अट साधी होती. हा दौरा शेवटचा. परत आला की पोरानं गॅरेजवर बसायचं. पण ड्रमर नुसता फिरायला निघालेला नाही, अब्बांना आपलं काम पटवायला निघालाय, हे मला माहीत होतं.

रॉक बँडचा परदेश दौरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय येतं! आमच्या स्टाफरूममध्ये तर एका सरांनी मला बाजूला घेऊन भलतेच प्रश्न विचारले. त्यांच्यासाठी म्हणून सांगतो, दौऱ्यात आम्ही मुख्यतः मोजे धुतले. दिवसातले सात-आठ तास एका जुन्या व्हॅनमध्ये, गुडघे हनुवटीला लावून. उरलेला वेळ कुणाच्या तरी घरी जमिनीवर गादी टाकून. पाव थंड, त्यावरचं चीज थंड, सोबतचं पाणी त्याहून थंड. माझ्या बॅगेतला मिरचीचा ठेचा चौथ्या दिवशी संपला आणि त्या दिवशी बँड फुटायची वेळ आली होती. बेसवाला दिवसभर खिडकीबाहेर बघायचा आणि एकच विचारायचा, "सर, एवढी जमीन पडून हाय, हे लोक तूर काहून नाई पेरत?"

व्हॅन चालवायला एक उंच जर्मन बाई होत्या. चालक त्याच, व्यवस्थापक त्याच, स्वयंपाकीणही त्याच. त्या आठला निघू म्हणाल्या की आठ म्हणजे आठ. पहिल्या दिवशी आम्ही साडेआठला खाली उतरलो तेव्हा त्या स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसल्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी सोबत बारा शाली नेल्या होत्या. सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू करणं मला जमतच नाही, चप्पल घालून देवळात शिरल्यासारखं वाटतं. नारळ तिथल्या आशियाई दुकानात मिळायचे. प्रत्येक गावी क्लबच्या मालकाला स्टेजवर बोलवायचं, शाल घालायची, हातात नारळ द्यायचा, दोन शब्द बोलायचे. क्लब लहान, श्रोते वीस-पंचवीस, घाई कुणालाच नव्हती. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. एका मालकानं तर नारळ कानाशी धरून हलवून पाहिला. बेसवाला म्हणायचा, "सर, आटपा ना." मी त्याला म्हणायचो, "ही आपली संस्कृती आहे."

दुसऱ्या आठवड्यात व्हॅन रस्त्यातच बंद पडली. मदतीची गाडी यायला तीन तास लागणार होते. ड्रमरनं बॉनेट उघडलं आणि अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. त्यानंतर पाऊण तास बापलेकाचं जे चाललं होतं ते बघत राहावं असं होतं. फोन बेसवाल्याच्या हातात, ड्रमर कोपरापर्यंत आत, आणि वणीहून आवाज, "उसके नीचे का पाइप देख. कसके पकड. हां." गाडी सुरू झाली. बाईंनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. अब्बांचा चेहरा फुलला होता. "इसको बोलते काम," ते म्हणाले.

ड्रमरनं हात पुसले आणि तो क्षण साधला. "अब्बा, एक बार बजाते हुए भी देख लो. शनिवार को आखरी प्रोग्राम है. बड़ा है."

अब्बांनी फोन जरा जवळ धरला. मग म्हणाले, "ठीक है. देखता. काम दिखा, तो तेरे को जो करना वो कर."

शनिवारी म्हणे त्यांनी साडेसहालाच शटर खाली ओढलं. बाहेर चार ट्रक उभे असताना. त्या माणसानं ईदचा दिवस सोडून गॅरेज कधी वेळेआधी बंद केलं नव्हतं. आत मेकॅनिक, शेजारचा पंक्चरवाला आणि ड्रमरचे चुलते स्टुलावर फोन टेकवून बसले.

इकडे दुपारचे तीन वाजले होते. मोठं मैदान, हिरवळ, बायकापोरं, हजारभर माणूस. बेसवाल्यानं अब्बांना व्हिडिओ कॉल लावून फोन ड्रमसमोर स्टँडला नीट बांधला. आयोजक मुलगी आली आणि म्हणाली, तीस मिनिटं. मी मान डोलावली. आपल्याकडे तीस मिनिटं म्हणजे प्रमुख पाहुण्यांची वाट बघण्याची वेळ. स्टेजवर पुढ्यात लाल आकड्यांचं एक घड्याळ उलटं धावत होतं. ती मला सजावट वाटली.

हजार माणूस समोर, हातात माइक, आणि उरलेल्या पाच शाली. मी स्वागत केलं. जिल्ह्याची ओळख करून दिली, कापसाचं पांढरं सोनं, कोळशाचं काळं सोनं, सगळं इंग्रजीत. आयोजक मुलीला शाल, गावच्या महापौरांना शाल, व्हॅनच्या बाईंना शाल. साउंडवाल्यालाही मी वर बोलावलं, तो येईना, तर हाताला धरून आणलं. नमनाला घडाभर तेल म्हणतात, मी टँकर ओतला. मागून बेसवाला दोनदा म्हणाला, "सर, वाजवू ना." मग मी माझं स्वतःचं गाणं घेतलं, संथ, एकट्या गिटारीवरचं. त्यात ड्रम नाहीत. दुसऱ्या गाण्याची सुरुवातही माझ्याच गिटारीनं होते. ड्रमरनं काठ्या उचलल्या, आणि आवाज गेला.

मला वाटलं लाइट गेली. मग दिसलं, घड्याळात चार शून्यं होती. पुढच्या बँडची माणसं स्टेजवर चढली आणि त्यांनी ड्रमच्या झांजा काढायला घेतल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ड्रमरच्या काठ्या तेवढ्या वर राहिल्या होत्या. त्यानं त्या मांडीवर ठेवल्या.

फोन चालूच होता.

"शुरू कब होता रे?" अब्बांनी विचारलं.

ड्रमरनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं मला तिथंच शिव्या घातल्या असत्या तर मी त्या मुकाट खाल्ल्या असत्या. तो फोनकडे वळला. "हो गया, अब्बा. नेटवर्क गया था. बहुत बजाया मैं. आपको दिखा नहीं."

"नेटवर्क बराबर था," अब्बा म्हणाले. "मैं पूरा देखा. तू बैठेला था."

मग ते उठले. फोन स्टुलावरच होता, त्यामुळे शटर वर गेल्याचा आवाज आम्हाला जर्मनीत स्पष्ट ऐकू आला.

परत आल्यावर ड्रमर दुसऱ्या दिवसापासून गॅरेजवर बसू लागला. मी रोज कॉलेजला त्याच रस्त्यानं जातो. तो ट्रकखालून हात दाखवतो, "काय सर, बरे ना?" म्हणतो, आणि मी "बरा बरा" म्हणत पुढे निघतो. त्याची माफी मागायची राहून गेली आहे. थांबलो तर आधी प्रास्ताविक करीन, अशी मला खरीच भीती वाटते.