दाराबाहेरच्या चपला

विमलसिस्टरांची शोकसभा मी नेमकी त्याच खोलीत भरवली, जिथं कुणी बोलायचं नाही असा त्यांचाच दंडक होता. जवळा बाजार या गावी लेकीकडे गेल्या असताना छातीत कळ आली आणि बाई गेल्या, त्याला आता दीड महिना झाला. सभेत मी वीस मिनिटं भाषण ठोकलं. मीरासिस्टर मधेच उठून बाहेर गेली. मला वाटलं, माझ्या शब्दांनी गहिवरली.

सेनगावच्या रस्त्यावरच्या आमच्या लहानशा सरकारी दवाखान्याचा मी डॉक्टर. घरात मार खाऊन, कधी त्याहून वाईट सोसून बायका येतात. त्यांचं ऐकून घ्यावं ते मीरानं, म्हणून अशी प्रत्येक बाई मी तिच्याकडेच धाडायचो आणि माणसं पारखण्याच्या माझ्या कलेवर खूश असायचो. एका सकाळी मीरा भरलेलं इंजेक्शन हातात धरून उभीच राहिली; ते कुणाला द्यायचं, तिला आठवेना. मी म्हणालो, "चहा घे, बरं वाटेल." विमलसिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, चांगला चालतो म्हणून एकच बैल रोज जुंपता काय? पोरगी राजीनामा लिहून राहिली. चहानं थांबायची न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी कापसाच्या खोक्यांची खोली रिकामी केली. एक खाट, एक माठ. जिनं ऐकलं त्या सिस्टरनं अर्धा तास आत एकटीनं, न बोलता बसायचं, पुढची बाई दुसरीनं बघायची. दाराला कडी नव्हती. बाहेर चपला दिसल्या की वाजवायचं नाही. मी वाजवायचो... सहीसाठी, किल्लीसाठी, एकदा तर माझा चष्मा शोधायला. मग दाराशी विमलसिस्टरांच्याच चपला दिसू लागल्या आणि मी निमूट परत फिरू लागलो. एकदा वळलो, तर बाई वॉर्डात अनवाणी.

"तुम्ही इथं, चपला तिथं?"

"आत मीरा हाय. तिच्या चपलांना तुमी जुमानत न्हाई. माझ्या बघून पळता."

राजीनामा मीराच्या पर्समध्येच राहिला. बाई स्वतः मात्र आत एकदाच गेल्या, एका लेकराचं ऐकून. मला त्यांची युक्ती ठाऊक झालेली. आत मीराच असणार म्हणून मी बेधडक दार वाजवलं. डोळे पुसत बाईंनी उघडलं, कागदावर सही केली. "आता पयल्यापासून अर्धा तास," म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. एवढी वर्षं त्यांचं कोण ऐकून घेत होतं, हे मी कधी विचारलं नाही...

गेल्या आठवड्यात वरून विचारणा आली, खोली रिकामी दिसते, तिथं औषधं ठेवा. खोली रिकामी नाही, असं मी लेखी कळवलं. पुन्हा विचारतील, पुन्हा तेच कळवीन. काल मीरा आत गेली तेव्हा मी माझे बूट दाराशी काढून ठेवले आणि मोज्यांवर पेशंट तपासले. अर्ध्या तासात तिघांनी दार वाजवलं, तिघांनी विचारलं, डॉक्टरसाहेब आहेत का आत? शेवटी मीराच बाहेर आली. आधी बुटांकडे पाहिलं, मग मोज्यांकडे.

"साहेब, बाईंच्या वॉर्डातल्या चपला कपाटात हायेत. त्याच ठेवत जा. तुमच्या बुटाला इथं कोण भेतं?"