बोटं मिटणाऱ्या बाई

चिक्कडपल्लीत लेकीच्या शाळेत मुलांना सायबर गुन्ह्यांपासून जपण्याचे धडे दिले होते. ते कितपत रुजले, हे तपासून एकेका पालकाला सांगायला एक बाई आल्या होत्या. नाव सांगितलं नाही. सुती साडी, मांडीवर बंद वही आणि बोलताना एकेक बोट मिटायची सवय.

"बच्ची हुशार आहे, साब," त्या हळूच म्हणाल्या. "आठ दिवस मी परक्यासारखं तिला इंटरनेटवर शोधलं. तिनं स्वतःचं काहीच उघडं ठेवलं नाही."

माझी छाती फुगली. "शेवटी मुलगी कोणाची!"

"वहीच तो, तेच तर सांगते," म्हणत त्यांनी अंगठा मिटला. "घरात तिला चिमणी म्हणता." मग तर्जनी. "गुरुवारी मलकपेठला गाण्याचा क्लास, येताना एकटी." मग मधलं बोट. "कुणी आजीचं नाव घेतलं, की लगेच विश्वास ठेवते."

हे सगळं माझंच लिखाण होतं. घरच्या गमती मी मोबाइलवरून साऱ्या जगाला वाचायला टाकतो, आणि चाळीस लाईक आले की स्वतःला लेखक समजतो.

"मी नुसतं वाचलं, साब. लाईक नाही दिला," म्हणत त्यांनी मिटलेली बोटं उघडली आणि पुढच्या पालकांना बोलावलं.

घरी येऊन एकेक गोष्ट पुसायला बसलो. चिमणीच्या प्रत्येक गोष्टीखाली, अगदी पहिल्या गोष्टीपासून, एकाच अनोळखी खात्याचा लाईक होता. त्याला फोटो नव्हता.

तो गुरुवार होता. मी चपला न घालताच मलकपेठला धावलो.