एक कोयता, एक माईक

स्वतःच्या बायकोवर जळणारा नवरा आमच्या नेकनूरच्या भागात मी एकलाच असेन.

झालं असं, अमेरिकेहून मारिसोल नावाची बाई आली. कॉलेजात प्रोफेसर, हातात गिटार, वर भिंतींवर चित्रं काढणारी. घराणं मूळ मेक्सिकोचं. आजी लोकांच्या रानात टमाटे तोडायची. तिकडं अशा मूळच्या मेक्सिकन घरातल्या बायांना चिकाना म्हणतात, अन् ही त्यांच्या हक्काची गाणी गात हिंडते. तिला ऊसतोडीची गाणी पाहिजे होती. आता आमी दोघं दरसाल तोडीला जातो, पण भजनात पेटी कोण वाजवतं? मी! तरी ती तडक आमच्या सुमनपाशी जाऊन बसली. सुमननं फडातल्या दोन ओव्या म्हटल्या, तर बाईनं डोळे पुसले. माझी पेटी ऐकून आजवर कुणी नाक सुदिक पुसलं न्हाई.

शाळेत कार्यक्रम ठरला. पुण्याचे दुभाषी सर म्हणाले, स्टेजवर कितीजण? सुमन तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "एक कोयता." (तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय!) पुण्याला ठाऊक नव्हतं.

इस्त्रीचा सदरा घालून, पेटी घेऊन मी स्टेजवर चढलो, तर एक खुर्ची, एक माईक, अन् टेबलावर आमचाच कोयता, गळ्यात हार घालून! कोयत्याला जागा, मला न्हाई. गुमान खाली उतरलो. मारिसोलबाईनं गिटार छेडली, सुमननं ओवी धरली:

"दोघांचा गं एक कोयता, नाव धन्याचं लागतं,
मोळी माझ्या डोईवर, चूल कोण पेटवतं?"

सगळ्या बाया वळून माझ्याकडंच बघायला लागल्या. जीव नुसता जळून खाक झाला.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेच्या भिंतीवर चित्र काढणार होती. सर सांगत आले, कोयता धरून उभं राहायला तुमीच पाहिजेत. म्हटलं, आली बाबा आपली पाळी! मिशीला तेल लावलं अन् दिवसभर उन्हात कोयता उगारून उभा राहिलो.

सुमन म्हणाली, "अवं, जरा सावलीला बसा."

"कावून? जळती व्हय?"

संध्याकाळी बघतो तर भिंतभर सुमन. तोंड तिचं, लुगडं तिचं. मी सरांना विचारलं, मग मला कावून उभं केलतं? बाईनं हसून सांगितलं, वैनींना गाण्यातून सवड नव्हती, म्हणून कोयता धरलेले हात तेवढे तुमचे घेतले.

आता येणारी-जाणारी प्रत्येक बाई भिंतीपाशी थांबून म्हणती, "सुमन, हात किती नाजूक काढलेत गं तुझे!"

मी हात खिशात घालून पुढं जातो. भिंतीवरच्या माझ्या हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्यात.