ज्याचा फोन ऐकायचा, त्याची बाजू

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कर्जतकडच्या टायरवाल्याचं मात्र वेगळं लक्षात राहिलं. मी तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. मालाने भरलेले टेम्पो अडवून लुटणारी एक टोळी आम्हाला चकवत होती. शेवटच्या गुन्ह्यात चालकाला इतकी मारहाण झाली, की तो दवाखान्यात दगावला. त्याची बायको पोलीस ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. काही मागायची नाही, नुसती बसायची.

अशात एका खबऱ्याने टीप दिली. हा गाड्यांना भाडी मिळवून देणारा दलाल. "साहेब, नाक्यावरचा टायरवाला चाचा फोन करून टोळीला गाड्या दाखवतो," तो म्हणाला. आम्ही तपासलं, तर चाचाच्या नंबरवरून रेकॉर्डवरच्या एका गुन्हेगाराला खरंच फोन गेले होते. मी फोन ऐकण्याच्या परवानगीचा प्रस्ताव तयार केला.

लोकांना वाटतं ही परवानगी न्यायाधीश देतात. तसं नाही. प्रस्ताव मुंबईला गृह विभागात जातो, तिथले वरिष्ठ सचिव तो वाचून आदेश काढतात. पुढे एक समिती बंद दाराआड आढावा घेते. ज्याचा फोन, त्याला यातलं काहीच कळत नाही.

पोलीस अधीक्षक मॅडमनी माझा प्रस्ताव वाचला. "पक्का आहे, मंजूर होईल. आता त्याच्या बाजूने बोला."

"कोणाच्या?"

"टायरवाल्याच्या. मुंबईत त्याच्या बाजूने कोणी बोलणार नाही. इथे तुम्ही बोला."

मला राग आला. पायरीवर बसलेली ती बाई डोळ्यांसमोर होती. पण त्याच्या बाजूने बोलायचं, तर आधी तो माहीत हवा. त्या माणसाला मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात, खाजगी गाडीचं पंक्चर काढायच्या निमित्ताने नाक्यावर गेलो. चाचा साठीचा, सडपातळ. कंप्रेसरचा आवाज एवढा, की ओरडल्याशिवाय बोलता येईना. त्याचा फोन फळीवर पडलेला. वाजला, तर शेजारच्या चहावाल्याने उचलून त्याच्या कानाला लावला.

"फोन दुसऱ्यांच्या हातात देता?" मी विचारलं.

"हात काळे असत्यात. ज्याला लागंल त्यो घेतो. आमचा त्यो भाड्यांचा दलाल तर रोज घेतो. त्याची चार्जिंग कायम संपलेली."

मी पंक्चरचे पैसे देऊन थेट मॅडमकडे गेलो.

खबऱ्याला आम्ही टिपेबद्दल बोलायचंय म्हणून बोलावलं. मी आवाज चढवला नाही. चढवला की माणूस सावध होतो.

"चाचा फोनवर काय म्हणाला?"

त्याने गाडीचा रंग, माल, रस्ता, सगळं धडाधड सांगितलं.

"कुठे उभा होतास?"

"चहाच्या टपरीपाशी."

"कंप्रेसर चालू असताना तिथून एवढं ऐकू आलं?"

त्याने पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं सांगितलं. चाचाच्या फोनवरून गाड्या तोच दाखवत होता. आम्ही जवळ येतोय हे कळल्यावर त्याने चाचाला पुढे केलं. त्याने सांगितलेल्या ठिकाणांवरून टोळी आठवडाभरात हाती लागली, लुटलेला मालही सापडला. चालकाच्या बायकोला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सगळे घावले का?" मी हो म्हणालो. त्यानंतर ती पायरीवर आली नाही.

प्रस्तावात मी एकही गोष्ट खोटी लिहिली नव्हती. नंबर खरा होता, गेलेले फोन खरे होते. तो मंजूर झाला असता, आणि आम्ही महिनोन्‌महिने एका निरपराध माणसाचं घरातलं बोलणं ऐकत बसलो असतो. टीप देणारा दलाल तेवढ्यात पसार झाला असता.

फोन ऐकावेच लागतात. त्याने जीव वाचलेले मी पाहिले आहेत. पण अशा कागदावर वरचा अधिकारी फक्त आमचं म्हणणं वाचतो, आणि नीट लिहिलेलं म्हणणं खरंच वाटतं. पुढे माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याने असा प्रस्ताव आणला, की मी आधी एकच विचारायचो: या माणसाला भेटून आलात का?

बरेचजण भेटायला माघारी जायचे. काही परत आले, ते प्रस्ताव न घेताच.